केळुसकर साहेबांचं नाक

केळुसकर साहेब नाक वर करून चालायचे. हे मी अक्षरशः सांगतेय. मान किंचित मागे, हनुवटी पुढे, नाकपुड्या फुललेल्या. क्लोरीनच्या खोलीच्या दारापाशी आले की ते थांबायचे, डोळे मिटायचे, सावकाश एक लांब श्वास घ्यायचे आणि मागे उभ्या असलेल्या मंडळींकडे वळून जाहीर करायचे, "काय एक नाय. चला." की सगळी वरात आत. साहेबांच्या तोंडावर मास्क नाही, मग बाकीच्यांच्या तोंडावर कशाला असेल?

मला हा माणूस आवडत नसे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून समतोल वगैरेची अपेक्षा ठेवणार नाही. ते हयात आहेत, ठणठणीत आहेत, त्यामुळे गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना हात जसा आखडतो तसा माझा आखडायचंही कारण नाही.

मुलुंडच्या टोकाला, डोंगराच्या पायथ्याशी आमचं जलशुद्धीकरण केंद्र. शेजारच्या औद्योगिक वसाहतीला आणि तिच्या आजूबाजूच्या इमारतींना पाणी देणारं, एका कंत्राटी कंपनीने चालवायला घेतलेलं. मी तिथल्या प्रयोगशाळेत केमिस्ट होते, अजून आहे. केळुसकर साहेब तिथले इनचार्ज. पाण्यातले जंतू मारायला आम्ही क्लोरीन वायू वापरतो. तो येतो टनरमधून, म्हणजे आडव्या झोपवलेल्या, माणसापेक्षा लांब, पिवळ्या लोखंडी पिंपातून. त्या टनरपासून एक नळी जाते ती मोजून वायू ओढणाऱ्या यंत्राकडे, आणि तिथून तो वायू पाण्यात मिसळतो. दिसायला सगळं साधं. पण हा वायू नाकातोंडात गेला तर फुप्फुसं आतून भाजतात. हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे सुटला की वर उडून जात नाही. जमिनीलगत सरपटत जातो, खड्डा सापडला की तिथे मुक्काम करतो. एवढं कळायला केमिस्ट व्हावं लागत नाही. ते भिंतीवरच्या फलकावर मराठी, हिंदी आणि इंग्रजीत लिहिलेलं होतं. फलक केळुसकर साहेबांनीच लावून घेतला होता, आणि त्याच्यासमोर उभं राहून फोटोही काढून घेतला होता.

"गॅस माका वळाखता," हे त्यांचं लाडकं वाक्य. मालवणीत एरवी ते फारसे बोलत नसत, पण हे वाक्य मालवणीतच. गॅस मला ओळखतो. जणू गावाकडचा कोणी चुलत भाऊच. नवीन माणूस कामाला लागला, कुणी पाहुणा आला, गॅसवाल्या कंपनीचा इंजिनीअर आला, प्रत्येकाला हे ऐकवलं जाई. त्यामागोमाग गोष्ट: त्यांचे वडील गिरणीत कामाला होते, तिथल्या रंगखात्यात, तिथेही क्लोरीन असायचा, लहानपणी वडिलांचा डबा द्यायला जाताना तो वास नाकात बसला तो बसलाच. "तुमच्या त्या मशीनला कळायच्या आधी माका कळता," असं सांगून ते आपल्या नाकाच्या शेंड्यावर बोट टेकवत.

ते मशीन म्हणजे गळती कळवणारा भोंगा. खोलीच्या भिंतीवर, जमिनीपासून थोडा वर, एक चौकोनी डबा. हवेत क्लोरीन जरा जास्त झाला की लाल दिवा लागायचा आणि तो किंचाळायला लागायचा. एकदा सफाईवाल्या बाईने ब्लीचिंग पावडर ओतून फरशी घासली तेव्हाही तो किंचाळला होता. केळुसकर साहेबांनी तेवढं निमित्त धरलं. "उगाच बोंबलणारं मशीन काय कामाचं? माणसं घाबरतात," म्हणाले, आणि त्याचा प्लग काढला. तेव्हापासून त्या सॉकेटमध्ये ऑपरेटर लोकांचे मोबाइल चार्ज होऊ लागले.

श्वसनसंचाचं तसंच. पाठीवर हवेची बाटली आणि तोंडाला मुखवटा असलेला हा संच खोलीच्या बाहेर, वाऱ्याच्या बाजूला ठेवायचा असतो; कारण आत गॅस भरला असताना आत जायलाच तो लागतो. आमचा संच बाहेरच्या कपाटात होता. साहेबांनी तो उचलून क्लोरीनच्या खोलीत नेऊन ठेवला. बाहेर धूळ बसते, शिवाय चोरी होते. मी जाऊन सांगितलं, "साहेब, आत गॅस असेल तर संच घ्यायला आत कसं जाणार?"

ते माझ्याकडे कीव आल्यासारखे बघत राहिले. "मॅडम, काम जिथे असतं तिथेच हत्यार ठेवायचं असतं. सुतार पटाशी काय शेजारच्या घरात ठेवतो?"

सगळे हसले. साहेबांना हशा मिळवता यायचा, हे कबूल करायला हवं. आणखीही पुष्कळ यायचं त्यांना. गणपतीत गावाला जाऊन आले की सगळ्या प्लांटला खाजा वाटायचे. कुणाच्या पोराला कॉलेजात प्रवेश मिळत नसेल तर स्वतः रजा टाकून त्याच्याबरोबर जायचे. कॅन्टीनवाल्याने पातळ डाळ वाढली तर वाडगा घेऊन थेट मॅनेजरच्या टेबलावर नेऊन ठेवायचे. माणसं त्यांच्यावर जीव टाकत. विलास घाडी तर सगळ्यांत जास्त. विलास आमचा सिनिअर ऑपरेटर, चाळिशीतला, भांडुपला राहणारा, अंगाने दणकट, तोंडाने सारखा बडबड्या. "साहेब बोलले ना मॅडम, मग विषय संपला," हे त्याचं वाक्य. माझं तिथलं अर्धं आयुष्य या एका वाक्यावर डोकं आपटण्यात गेलं.

सुरक्षा सप्ताहात साहेब खास फुलत. पांढरा शर्ट, चार घड्यांचा इस्त्रीचा रुमाल, छातीवर हिरवा बिल्ला. शपथ सगळ्यांत मोठ्या आवाजात तेच म्हणत. गॅसवाल्या कंपनीचा एक इंजिनीअर एकदा प्रात्यक्षिक द्यायला आला होता. बिचारा घसा कोरडा करून सांगत होता: टनर बदलताना जोडातला शिशाचा वॉशर दर वेळी नवा घाला, जुना एकदा दबला की पुन्हा नीट बसत नाही, व्हॉल्व्ह उघडल्यावर अमोनियाची बाटली जोडाजवळ फिरवा, गळती असेल तर पांढरा धूर दिसतो, दोन माणसांशिवाय आत जाऊ नका. साहेब पहिल्या रांगेत पायावर पाय टाकून ऐकत होते. शेवटी त्या पोराने विचारलं, "काही शंका?"

साहेब उठले. खिशातला रुमाल काढला, पाण्याच्या बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं, तोंडाला बांधला आणि म्हणाले, "आमचो मास्क." टाळ्या. तो इंजिनीअरही हसला, काय करणार.

साहेबांच्या नाकाचं खरं मला कळलं ते एका सुरमईमुळे.

मी मढची. आमच्याकडे पोरं चालायला लागायच्या आधी वासावरून ताजा मासा ओळखतात. त्या दिवशी साहेबांची बायको गावाला गेली होती आणि साहेबांनी स्वतः केलेली सुरमई डब्यात आणली होती. आदल्या रात्रीची, आणि बहुधा ओट्यावरच राहिलेली. त्यांनी डब्याचं झाकण उघडलं आणि टेबलाभोवतीच्या सगळ्यांचे हात जागच्या जागी थांबले. विलास तर खुर्ची मागे सरकवून चक्क खिडकीपाशी गेला.

"घ्या मॅडम," साहेब म्हणाले, "तुमच्या मढची नसेल, पण बघा."

"साहेब, ही गेलीय. खाऊ नका."

"आमच्या मसाल्याचा वास उग्रच असता. तुम्हां कोळी लोकांना झेपत नाय तो." आणि त्यांनी दोन तुकड्या भातात कुस्करून सावकाश, चवीने खाल्ल्या. वर बोटं चाटली.

पुढचे दोन दिवस साहेब कामावर आले नाहीत. आले तेव्हा गाल बसले होते. "हवा बदललीय," म्हणाले.

मी प्रयोगशाळेत परत आले. एवढा वास ज्याला आला नाही, तो माणूस रोज क्लोरीनच्या खोलीच्या दारात उभा राहून आम्हां सगळ्यांच्या वतीने श्वास घेतो. मग हळूहळू बाकीचंही जुळायला लागलं. स्वच्छतागृहात फिनेलची बाटली फुटली तेव्हा सगळे नाक दाबून पळाले आणि साहेब तिथेच फोनवर बोलत उभे होते. प्रयोगशाळेत माझा एक नमुना सडला होता, तेव्हा साहेब त्याच्या शेजारी चहा पीत बसले होते. वर्षानुवर्षं थोडा थोडा क्लोरीन हुंगून नाक बधिर होतं, हे आम्हांला शिकवलेलं असतं. रोज आतबाहेर करणाऱ्याला थोडा वास जाणवेनासा होतो, म्हणून तर मशीन लावतात.

मी मुख्य कार्यालयात फोन केला. "आमच्या इनचार्जना वास येत नाही," हे वाक्य फोनवर एकदा बोलून बघा, कसं वाटतं ते. पलीकडचा माणूस आधी हसला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम, तुमचं आणि केळुसकरांचं काही वाजलंय का?" भोंग्याचा प्लग काढलाय, हेही मी सांगितलं. "बघतो," म्हणाला. बघायला कुणी आलं नाही.

मग तो दिवस आला. एरवीसारखाच, उकाड्याचा.

सकाळी टनर बदलला. त्या वेळी मी तिथे नव्हते. पुढचं मला विलासने नंतर दवाखान्यात सांगितलं. नवे वॉशर भांडारात होते आणि भांडारवाला सुट्टीवर, किल्ली त्याच्याकडे. विलास म्हणाला, "साहेब, वॉशर नाही, थांबूया का?" साहेबांनी जुना वॉशर उचलला, पँटला घासला, उजेडात धरून बघितला. "अजून एक फेरी मारतलो हो," म्हणाले. जोड आवळला, व्हॉल्व्ह उघडला. विलासने सवयीने अमोनियाची बाटली घेतली, तर साहेब म्हणाले, "ठेव रे ती. मी आहे ना." नाक जोडाजवळ नेलं, श्वास घेतला. "काय एक नाय."

क्लोरीनची बारीक गळती बारीक राहत नाही. हवेतला ओलावा मिळाला की ती धातू खाते आणि वाढत जाते. दुपारपर्यंत ती वाढत गेली. गॅस बाहेर फेकायला जमिनीलगत बसवलेला पंखा आवाज करतो म्हणून बंद होता, भोंगा मुका होता. गॅस फरशीवरून केबलच्या चरात उतरला आणि चरातून शेजारच्या खड्ड्यात, जिथे दाब वाढवणारे पंप आहेत, तिथे साचत राहिला.

जेवणानंतर विलास त्या बाजूने गेला. त्याला वास आला. तो साहेबांकडे गेला आणि म्हणाला, "साहेब, वास मारतोय." साहेब उठले, दारापर्यंत आले, डोळे मिटले, श्वास घेतला. "सकाळी टनर बदलला ना, त्याचाच राहिलाय. मला तर काय येत नाय. जा, पंप चालू कर." आणि परत जाऊन बसले. विलास पंप चालू करायला खड्ड्यात उतरला.

मला ऐकू आली ती आरडाओरड. खिडकीतून बघितलं तर पंपाच्या खड्ड्याच्या तोंडाशी हिरवट पिवळं काहीतरी तरंगत होतं आणि माणसं खाली, फाटकाकडे पळत होती. म्हणजे नेमकी उताराकडे, जिकडे गॅस जाणार तिकडे. मी बाहेर येऊन बेंबीच्या देठापासून ओरडले, "वर चला! टाकीकडे! वर!" एकाने पाण्याचा पाइप ओढून टनरवर मारायला घेतला होता. मी त्याच्या हातातून तो हिसकावला. गळतीवर पाणी मारलं की आम्ल होतं आणि भोक आणखी मोठं होतं. कुणीतरी विचारत होतं, संच कुठाय, संच कुठाय. संच होता. क्लोरीनच्या खोलीत होता, कपाटात, कुलपात.

"विलास खाली आहे!"

तेवढ्यात केळुसकर साहेब आले. एका नजरेत त्यांना सगळं कळलं असावं. त्यांनी रुमाल काढला, माझ्या हातातल्या पाइपच्या पाण्यात भिजवला, तोंडाला बांधला. मी त्यांचा दंड धरला. "साहेब, जाऊ नका, फायर ब्रिगेड येतेय."

"सोडा," ते म्हणाले, आणि खड्ड्यात उतरले.

ओला रुमाल क्लोरीनपुढे काहीच नाही. त्यांनी श्वास रोखला असणार, तेवढंच. बाहेर आले तेव्हा विलासला काखेत हात घालून ओढत होते. डोळे लाल, चेहरा भिजलेला, गुडघ्यावर कोसळले आणि ओकले. विलासच्या तोंडाला फेस होता. आम्ही दोघांना टाकीच्या बाजूला वर नेलं. फायर ब्रिगेडवाले आले, स्वतःचे संच लावून आत गेले, व्हॉल्व्ह बंद केला. वारा त्या दिवशी टाकीला बाजूला ठेवून डोंगराच्या मोकळ्या अंगाकडे होता म्हणून भिंतीपलीकडची वस्ती वाचली. नुसत्या वाऱ्याने वाचली. त्यात आमचं कर्तृत्व काही नव्हतं.

साहेबांचं धैर्य खरं होतं. ते मी डोळ्यांनी बघितलं आणि त्यावर मी आजही बोट ठेवणार नाही. पण ज्या माणसाला त्यांनी वर काढलं, त्याला खाली त्यांनीच पाठवलं होतं.

कुणीतरी मोबाइलवर चित्रण केलं होतं. साहेब विलासला ओढत बाहेर येतात, एवढंच त्यात होतं. दोन दिवसांत ते मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत प्रत्येकाच्या फोनवर पोचलं. फाटकाबाहेर फलक लागला, साहेबांचा फोटो, खाली "शूर अधिकारी". दवाखान्यात मी विलासला भेटायला गेले, तर त्याची बायको सुनंदा साहेबांच्या पायाशी वाकलेली. "तुम्ही होता म्हणून माझं कुंकू राहिलं साहेब." साहेबांनी तिला उठवलं. "मी काय केला? देवाने केला." त्यांचा आवाज भरून आला होता, आणि मला वाटतं तोही खरा होता. हाच तर त्रास होता त्या माणसाचा, सगळं खरं असायचं.

ते गेल्यावर विलास मला सकाळपासूनची हकीकत सांगत होता, तोंडाला लावलेली नळी मधूनमधून बाजूला करून. शेवटी म्हणाला, "माझ्या नाकाला आला होता मॅडम. पण साहेबांना नाही आला म्हटल्यावर मला वाटलं, आपल्यालाच भास झाला."

साहेब कामावर आले त्या सकाळी मी त्यांच्या केबिनमध्ये गेले. दार लावून घेतलं. "साहेब, तुम्हांला वास येत नाही."

ते खोकत होते. खोकला थांबेपर्यंत थांबले. मग म्हणाले, "सुरमई खाल्ली तेव्हाच कळला ना तुम्हांला?"

मी भांडायच्या तयारीने गेले होते. हे मला अपेक्षित नव्हतं. "कधीपासून?"

"आठवत नाय. घरात एकदा दूध करपला, सगळा घर धुराने भरला, बायको बाथरूममधून ओरडत आली. मी तिथेच पेपर वाचत होतो."

"म्हणजे माहीत होतं तुम्हांला. मग रोज दारात उभे राहून काय हुंगत होता?"

ते टेबलावरचा पेपरवेट फिरवायला लागले. "माणसांना धीर लागतो मॅडम. साहेब घाबरला की सगळा प्लांट घाबरतो."

"माणसांना भोंगा लागतो साहेब."

ते उठून खिडकीपाशी गेले. पाठ माझ्याकडे. "हे आपल्यातच राहू दे. रिटायरमेंट जवळ आलीय. लोक काय म्हणतील, एवढी वर्षं हा नुसता नाटक करत होता?"

"मी सांगणार आहे."

तेव्हा ते वळले. आणि हसले, अगदी प्रेमाने, धाकट्या बहिणीकडे बघावं तसे. "सांगा. कोण ऐकता बघू."

चौकशीला मुख्य कार्यालयातून एक वरिष्ठ साहेब आले. मी सगळं सांगितलं. वॉशर, प्लग, पंखा, कपाट, आणि नाक. नाकापाशी आल्यावर चौकशीवाले साहेब चष्म्यावरून बघायला लागले. त्यांनी केळुसकरांना विचारलं, "काय म्हणतायत या?"

केळुसकर साहेबांनी समोरचा चहा उचलला, कपावर नाक नेलं, श्वास घेतला. "आलं जरा जास्त झालंय आज," म्हणाले.

सगळे हसले. चौकशीवाले साहेब सगळ्यांत मोठ्याने. मीही त्या चहाचा घोट घेतला होता. आलं इतकं होतं की जिभेला चटका बसत होता. ते कळायला नाक कशाला लागतं?

मग विलासला बोलावलं. तो नुकताच घरी आला होता, भिंतीला धरून चालत होता. मी त्याच्याकडे बघत होते, मनात म्हणत होते, दवाखान्यात जे मला सांगितलंस तेवढंच सांग, बाकी काही नको. त्याला विचारलं, सकाळी काय झालं? विलासने माझ्याकडे बघितलं नाही. "वॉशर नवाच होता साहेब. मीच बसवला." आणि वास? "नव्हता येत." आणि केळुसकर साहेबांचं नाक? विलासचा आवाज घोगरा झाला होता, तरी त्याने तो चढवला. "एक नंबर."

बाहेर आल्यावर मी त्याला गाठलं. "काय रे हे विलास?"

"त्यांनी जीव दिला मला मॅडम," तो म्हणाला. "मी त्यांचं नाक कापू?"

कारण ठरलं, उपकरणातला बिघाड. भोंग्याचा प्लग पुन्हा लागला, श्वसनसंच बाहेरच्या कपाटात आला, वॉशरचा डबा आता खोलीच्या बाहेर उघडा असतो, आणि अमोनिया फिरवल्याशिवाय कुणी आत जात नाही. हे सगळं मी भांडून करून घेतलं, आणि कुणी मला त्याबद्दल शाल दिली नाही, मला नकोही होती. आणि केळुसकर साहेबांची नेमणूक झाली कंपनीच्या सगळ्या केंद्रांवर प्रशिक्षण देण्यासाठी. विषय: क्लोरीन हाताळणी आणि सुरक्षा.

त्यांचा एक वर्ग आमच्याकडेही झाला. मी मागे बसून ऐकला. खड्ड्याची गोष्ट होतीच, पण ती आता वाढली होती. साहेब आता दोनदा खाली उतरले होते. वारा वस्तीकडे होता आणि त्यांनी तो अचूक ओळखून माणसं हलवली होती. आणि सगळ्यांत आधी वास कुणाला आला होता? साहेबांनी नाकावर बोट टेकवलं. नवी पोरं वहीत लिहून घेत होती. मी उठून बाहेर आले. काय लिहून घेतलं असेल त्यांनी, देव जाणे.

विलास पुन्हा ऑपरेटर झाला नाही. त्याला फाटकावर बसवलं, गाड्यांच्या नोंदी घ्यायला. बडबड कमी झाली. दोन वाक्यं बोलला की थांबायचा, आणि थांबलेला दिसू नये म्हणून खिशातून उगाच मोबाइल काढून बघायचा.

केळुसकर साहेबांना मी शेवटचं पाहिलं ते विलासच्या मुलीच्या लग्नात. साहेब तोवर निवृत्त झाले होते. बोरिवलीतलं कार्यालय, मुलाकडच्यांनी घेतलेलं, वर झगमगाट आणि खाली जेवणाच्या पंगती. व्यासपीठावर नवरानवरीच्या शेजारी एक मोठी खुर्ची मांडली होती आणि तिच्यावर साहेब बसले होते, पांढरा शर्ट, गाल भरलेले, केस काळेभोर रंगवलेले. येणारे जाणारे त्यांना नमस्कार करत होते. माइकवर कुणीतरी सांगितलं की वधूपित्याचे प्राण वाचवणाऱ्या केळुसकर साहेबांचा आता सत्कार होईल, आणि तो वधूपिता स्वतः करेल.

विलास शाल आणि नारळ घेऊन निघाला. व्यासपीठाला पायऱ्या फार नव्हत्या. दुसऱ्या पायरीवर तो थांबला, कठडा धरला, तोंड उघडं. सुनंदा पुढे झाली, पण त्याने हातानेच तिला मागे सारलं. आणखी एक पायरी, पुन्हा थांबला. टाळ्या चालूच होत्या; लोकांना वाटलं, भरून आलंय त्याला. मग साहेबच खुर्चीतून उठले, पुढे आले आणि हात देऊन त्याला वर घेतलं. टाळ्या आणखी वाढल्या. विलासने शाल त्यांच्या खांद्यावर टाकली, वाकून पाया पडला, आणि उठताना त्याला पुन्हा त्यांचाच हात धरावा लागला.

साहेबांनी त्याच्या पोटावर थोपटलं. माइक जवळच होता, त्यामुळे सगळ्यांना ऐकू आलं.

"वजन वाढलंय रे तुझं विलास. सकाळी जरा चालायला जात जा."

सगळं कार्यालय हसलं. विलासही हसला, मान डोलावली, काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. पण तेवढा श्वास त्याच्याकडे नव्हता.